मामांच्या कॅम्परला कुठलं इंजिन?

पत्र: मामा गेल्यावर त्यांची १९७४ ची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन मामींनी मला दिली. गाडी गोव्याच्याच नंबरची आहे, आरसी आता माझ्या नावावर झाली आहे. मे महिन्यात बेळगावला जाताना चोर्ला घाटात तेलाचा दिवा लागला, मागून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला आणि इंजिन बंद पडलं. टोचन करून घरी आणली. आमच्या मेस्त्रींनी इंजिन उतरवून अर्धं खोललंय. ते म्हणतात, क्रँक गेला, ह्याच्यात पैसे घालू नका, जिप्सीचं इंजिन बसवून देतो. नवरा म्हणतो डिझेल बसवू, अ‍ॅव्हरेज मिळेल. पुण्याचा भाऊ म्हणतो इलेक्ट्रिक करून टाक. गाडी मीच चालवते. मुलांना घेऊन गोकर्ण, हंपी, कोल्हापूर असं फिरायची इच्छा आहे. कुठलं इंजिन घेऊ?
– एक वाचक, साखळी

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. जे इंजिन होतं तेच ठेवा: १६०० सीसी, हवेवर थंड होणारं, कंपनीच्या मूळ मापाचं. आणि जमलं तर दुसरं इंजिन आणूच नका. तुमच्या इंजिनाची केस, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात ते धातूचं कवच, वाचत असेल तर त्याच केसमध्ये ते पुन्हा बांधून घ्या. नसेल वाचत तर त्याच जातीची दुसरी केस घ्या. जिप्सी, डिझेल आणि इलेक्ट्रिक हे तिन्ही पर्याय तुमच्या गाडीसाठी आणि तुमच्या वापरासाठी मी बाद करतो.

इंजिन बदलायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती हॉर्सपॉवरची. मी आधी आरसी बघतो, मग गिअरबॉक्स आणि ब्रेक, आणि मग हे इंजिन उद्या बंद पडलं तर घरापासून तासाभराच्या अंतरात ते उघडणारा माणूस आहे का, हे. ह्या तीन ठिकाणी जे इंजिन अडतं ते कितीही चांगलं असलं तरी तुमच्या कामाचं नाही.

तर कागदांपासून. गाडी गोव्याच्या नंबरची आहे हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. हणजूण, हरमल, मोरजी ह्या किनारी पट्ट्यात पर्यटकांचा हंगाम संपत आला की अशा व्हॅन स्वस्तात विकायला निघतात, आणि त्यातल्या कित्येक कार्नेवर आलेल्या असतात. कार्ने म्हणजे सीमाशुल्क न भरता, ठरावीक मुदतीत परत नेण्याच्या हमीवर गाडी देशात आणायचा कागद. तशी गाडी शुल्क भरून रीतसर सोडवल्याशिवाय इथे विकता येत नाही की कुणाच्या नावावर होत नाही. ज्या वाचकांना अशी एखादी व्हॅन खुणावत असेल त्यांनी इंजिनाचा विचार करण्याआधी कागद मागावेत. तुमच्या मामांनी हे सगळं त्या काळी निस्तरून ठेवलंय. ते तसंच शाबूत राहावं असं वाटत असेल, तर इंजिनाचा निर्णय त्याला धक्का लावणारा नको.

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने मूळ जे तपशील ठरवले, त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं तर ते आरटीओला १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, त्याच सीसीचं इंजिन असेल तर हे काम सरळ आहे: बिल, इंजिन नंबर, अर्ज, तपासणी. जिप्सीचं इंजिन घेऊन तुम्ही त्या खिडकीवर गेलात तर कंपनी वेगळी, सीसी वेगळे, कूलिंगची पद्धत वेगळी. मेस्त्री म्हणतील, कोण बघतंय? रोज कोणी बघत नाही हे खरं. पण जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतो. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तोच बघतो. मुलांना घेऊन परराज्यात जाणाऱ्या गाडीत तुम्हाला हा धोका नको.

आणखी एक गोष्ट पैशाशी जोडलेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. साध्या मोटारीला ते १० हजार झालं, पण आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. तुमच्या आरसीवर गाडी 'आयात' म्हणून नोंदलेली आहे का आणि पुढचं नूतनीकरण कधी आहे, हे इंजिनावर एक रुपया खर्च करण्याआधी बघून घ्या. दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला ती मिळते, शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. पण त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला फिरायचंय, म्हणून आज तो मार्ग तुमचा नाही. मात्र उद्या मुलं मोठी झाली, गाडी कमी फिरायला लागली, तर तो उघडा राहायला हवा. आणि त्या नियमांत स्पष्ट अट आहे की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. जिप्सीचं इंजिन बसवलंत की ते दार कायमचं बंद झालं.

आता मेस्त्रींचा मुद्दा. त्यांना जिप्सीचं इंजिन हाताखालचं आहे, सुटे भाग म्हापशात सहज मिळतात, म्हणून ते सुचवतात. त्यात वाईट हेतू काही नाही. पण आकडे शेजारी ठेवून बघा. जिप्सीचं १३०० सीसी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं) इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, तुमचं जुनं ५० चं. ऐकायला मोठा फरक. पण घाट चढवतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. जिप्सीचा टॉर्क आहे सुमारे १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमला. तुमच्या १६०० चा सुमारे १०६, आणि तो ३००० च्या आतच मिळतो. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, चार माणसं घेऊन चोर्ल्याच्या वळणावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये असाल तेव्हा जुनं इंजिन शांतपणे ओढेल, आणि जिप्सीचं तेवढ्याच ओढीसाठी किंचाळायला लावावं लागेल.

बसवण्याची कटकट वेगळीच. गिअरबॉक्स फोक्सवॅगनचा ठेवायचा म्हणजे मधे अडॅप्टर प्लेट लेथवर बनवायची. ती केसाच्या जाडीएवढी जरी मध्यापासून सरकली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्लच काही महिन्यांत खराब होतात, आणि ह्या गाडीचा गिअरबॉक्स मिळणं इंजिनापेक्षा कठीण आहे. मग रेडिएटर. इंजिन मागे, वारा पुढे. म्हणजे गाडीच्या पोटाखालून नाकापर्यंत पाण्याचे पाइप जायचे आणि परत यायचे. त्यात कुठेतरी हवा अडकली की इंजिन तापतं, आणि काट्यावर ते उशिरा दिसतं. शिवाय आपल्या रस्त्यांवर पोटाखालचा पाइप म्हणजे पहिल्या मोठ्या स्पीडब्रेकरचं गिऱ्हाईक. उभं इंजिन त्या बसक्या जागेत मावत नाही म्हणून मागच्या पलंगाखालचा पत्रा कापावा लागतो, तो निराळाच. एकदा कापला की मागे फिरता येत नाही.

हे अशक्य आहे असं नाही. खुद्द फोक्सवॅगनने ब्राझीलमध्ये २००५ च्या शेवटी ह्याच गाडीला पाण्यावर थंड होणारं १.४ लिटरचं इंजिन दिलं, नाकावर रेडिएटर लावला आणि २०१३ च्या अखेरपर्यंत ती बनवली. पण ते कारखान्याचं काम होतं, ब्रॅकेटपासून पंख्यापर्यंत सगळं त्या गाडीसाठी आखलेलं.

डिझेलबद्दल थोडक्यात. पुढच्या पिढीच्या व्हॅनला कंपनीने १.६ लिटरचं डिझेल दिलं होतं, तेही ५० अंशांत आडवं पाडून, कारण उभं मावत नव्हतं. तुमच्या गाडीत भंगारातलं डिझेल घालायचं तर वजन, थरथर आणि वायरिंगचं जंजाळ. अ‍ॅव्हरेजमधून वाचणारे पैसे त्या खर्चाला कधीच पुरणार नाहीत, कारण ही गाडी वर्षाला किती चालणार? आणि आरसीवर इंधन बदलायला मंजूर किट लागतं, दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन नाही. ज्यांच्याकडे जुनी मॅटाडोर आहे त्यांनी मात्र हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. मर्सिडीजच्या आखणीचं ओएम६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये ह्या त्याच कंपनीच्या गाड्यांत वर्षानुवर्षं बसत आलं, त्याचे भाग गल्लोगल्ली मिळतात, आणि डिचोली, उसगाव भागात डिझेलवर हात बसलेले मेस्त्री भरपूर आहेत.

इलेक्ट्रिकचा भावाचा सल्ला कायद्याच्या बाजूने जिप्सीपेक्षा सरस आहे हे मी मान्य करतो. कलम ५२ मध्येच मंजूर किट बसवून दुसऱ्या इंधनावर किंवा बॅटरीवर जायची सोय आहे. त्यासाठी किटला एआयएस-१२३ ह्या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असावी लागते, आणि ती कोणत्या गाडीसाठी आहे हे त्या मंजुरीत लिहिलेलं असतं. भावाला सांगा, १९७४ च्या फोक्सवॅगन व्हॅनसाठी मंजुरीचं पत्र हातात दे, मग बोलू. समजा मिळालं, तरी तुमचा वापर बघा. सपाट नाकाची ही गाडी वाऱ्याला भिंतीसारखी सामोरी जाते, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. साखळीहून हंपीला जाताना चोर्ल्याचा चढ सुरुवातीलाच, आणि पुढे लांबचा पल्ला. आठवड्यातून दोनदा म्हापशाच्या बाजाराला आणि किनाऱ्यावर जाणारी गाडी असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

राहिलं त्याच काळातलं फोक्सवॅगनचं मोठं इंजिन, १.७, १.८ आणि नंतर २ लिटरचं. परदेशात लोक ते आवडीने बसवतात. ओढ चांगली आहे. पण फ्लायव्हील, क्लच, मागची माउंटिंग, आजूबाजूचा पत्रा, सगळं वेगळं, आणि भाग महाग. आपल्याकडे ते वापरलेलंच मिळणार, आणि वापरलेलं इंजिन परदेशातून मागवायला परवाना लागतो. नको.

आता तुमचं स्वतःचं इंजिन. 'क्रँक गेला' एवढ्यावर मी थांबणार नाही, आणि तुम्हीही थांबू नका. मेस्त्रींना म्हणा, पूर्ण खोला, माझ्यासमोर.

ह्या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, उभ्या दोन फाकांची. मधे क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, दोन्ही अंगांना दोन-दोन सिलिंडर आडवे. क्रँक, पिस्टन, सिलिंडर, व्हॉल्व्ह हे सगळं नवीन मिळतं. ह्याच जातीचं १६०० इंजिन मेक्सिकोत बीटलला २००३ पर्यंत बसत होतं, त्यामुळे भागांचं उत्पादन थांबलेलं नाही. म्हणजे सगळा प्रश्न केसचा आहे. आणि इंजिन नंबरही केसवरच असतो, डायनामोच्या स्टँडच्या खाली ठोकलेला. केस वाचली तर नंबर तोच, आरसी तीच, आरटीओकडे इंजिन बदलल्याची नोंदच करावी लागत नाही. म्हणून म्हणतो, आधी केस.

केस उघडली की बेअरिंगचे शेल, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो त्या कड्या, काढायचे, ते बसण्याची जागा रॉकेलने स्वच्छ पुसायची आणि तिच्यावरून नख आडवं ओढायचं. मधल्या बेअरिंगच्या जागी नख अडखळलं, कडेला उंचवटा लागला, तर समजा की क्रँकने तिथे हातोड्यासारखं ठोकून जागा पसरवली आहे. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे घाटाचा चढ, तेलाचा दिवा आणि मग ठोके, मला तेच दिसतं. ह्यावर उपाय आहे: लाइन बोअरिंग. सगळ्या मेन बेअरिंगच्या जागा एका रेषेत थोड्या मोठ्या करायच्या आणि बाहेरून जाड शेल घालायचे. ते अर्धा, एक आणि दीड मिलिमीटर जास्त मापाचे येतात. शेलच्या पाठीवर माप कोरलेलं असतं. तुमच्या इंजिनात आधीच दीडचे शेल असतील तर ती केस संपली. अर्धा किंवा मूळ माप असेल तर अजून आयुष्य आहे.

मग तडे. तीन नंबरच्या सिलिंडरच्या मागे केसला बारीक तडा जाण्याची खोड जुनीच आहे. डोळ्यांनी दिसला नाही म्हणजे नाही असं समजू नका. वास्कोत जहाजांची कामं करणारी वर्कशॉप्स आहेत, त्यांच्याकडे डाय, म्हणजे तड्यात शिरणारा रंग, लावून तडे तपासणं नेहमीचं काम. स्वच्छ धुतलेली केस तिथे घेऊन जा. तडा निघालाच, तर कोणी 'गॅस वेल्डिंग मारून देतो' म्हणालं तरी हातात देऊ नका. मॅग्नेशियम पेट घेतं, त्याचा कीस तर पटकन, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतलं तर आग भडकते. ज्या गॅरेजमध्ये हे काम चालेल तिथे कोरड्या वाळूची बादली जवळ असायला हवी.

केस चांगली निघाली की बाकीचं सांगतो. सिलिंडर-पिस्टनचा संच मूळ ८५.५ मिलिमीटरचाच घ्या. इथला रिवाज सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. ह्या इंजिनात सिलिंडर सुटे, पंखांचे असतात, ते पिस्टनसकट बदलायचे. विक्रेता ८७ चा संच दाखवेल, केस न कापता तसाच बसतो, सीसी वाढतात म्हणून. त्याची भिंत पातळ असते, तापली की आकार सोडते. आपल्या हवेत आणि घाटात ते चालणार नाही. चारही पिस्टन तराजूवर ठेवून बघा, हलक्या आणि जड पिस्टनमध्ये १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत तडे आहेत का बघा; असतील तर हेड नवीनच घ्या. हेड आवळणाऱ्या स्टडचे आटे केसमधून उपटून आले असतील तर स्टीलचे इन्सर्ट बसवून घ्या, लेथवाल्याला हे काम माहीत असतं. शेवटी क्रँकची त्याच्या लांबीच्या दिशेने होणारी हालचाल, म्हणजे एंड प्ले, डायल गेज लावून मोजायची: ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरच्या मधे. हा आकडा मेस्त्रींकडून कागदावर लिहून घ्या. जो मेस्त्री डायल गेज न लावता 'बरोबर आहे' म्हणतो, त्याच्याकडे हे इंजिन बांधायला देऊ नका, मग तो कितीही जुना ओळखीचा असो.

पण ताई, इंजिन मेलं का, हे शोधल्याशिवाय नवीन बांधलंत तर तेही चोर्ल्यातच मरेल. ह्याबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण गोव्यातल्या अशा बहुतेक गाड्यांचा जीव इथेच गेलेला मी पाहिला आहे.

हे इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होतं. डायनामोच्या दांड्यावर पंखा, पंख्यावर पत्र्याचं कवच, आणि इंजिनाच्या चारी बाजूंनी काळे पत्रे. हे पत्रे शोभेचे नाहीत. वरची थंड हवा आणि खालची एक्झॉस्टची तापलेली हवा एकमेकींत मिसळू नये म्हणून ते आहेत, आणि त्यांच्या कडेने इंजिनाच्या खोलीला लागून रबराची पट्टी असते. खाऱ्या हवेने पत्रे गंजतात, पट्टी कडक होऊन तुटते, आणि एखादा मेस्त्री 'ह्यांची गरज नाही' म्हणून पत्रे काढून कोपऱ्यात टाकतो. मग पंखा खालची गरम हवाच पुन्हा पुन्हा ओढत राहतो. तुमच्या गाडीची पट्टी शाबूत आहे का, सगळे पत्रे आहेत का, बघा. नसतील तर नवीन आणा किंवा जुन्यांवरून पत्रेवाल्याकडून बनवून घ्या. हे झाल्याशिवाय इंजिन गाडीत चढवू नका.

दुसरी जागा ऑइल कूलर. तो पंख्याच्या कवचात लपलेला असतो, बाहेरून दिसत नाही. साखळी, डिचोली म्हणजे खाणींचा पट्टा. खनिजाचे ट्रक जोरात चालायचे त्या वर्षांत रस्त्यावर जी लाल धूळ उडायची, ती तेलाच्या ओलाव्याला चिकटून कूलरच्या पंखांत बसते आणि पावसाळ्यानंतर विटेसारखी घट्ट होते. कवच काढून बघा. पंखांमधून उजेड आरपार दिसला पाहिजे. दिसत नसेल तर कूलर धुऊन, आतून दाब देऊन गळती तपासून मगच लावा, आणि आत धातूचा कीस अडकला असेल अशी शंका आली तर सरळ नवीन घ्या, नाहीतर जुन्या इंजिनाचा चुरा नव्या बेअरिंगमध्ये जाईल.

ह्या इंजिनात तेल फक्त अडीच लिटर मावतं आणि मूळ रचनेत ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. म्हणून तेल दर ५००० किलोमीटरला बदलायचं, जाळी धुवायची, आणि व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर ठेवायची, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी सुरू करण्याआधी. तेल २०डब्ल्यू५० मिनरल. एक ऑइल टेम्परेचरचा काटा डॅशबोर्डखाली लावून घ्या, ह्या गाडीच्या यंत्रात मी सुचवत असलेला तेवढाच जादा भाग. १२० अंशांकडे काटा निघाला की सावलीत उभी करा, इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवा.

आणि चार्जिंगचा दिवा. दुसऱ्या गाडीत तो लागला तर माणूस गॅरेजपर्यंत जातो. ह्या गाडीत डायनामोचा पट्टाच पंखा फिरवतो. दिवा लागला म्हणजे पट्टा तुटलेला असू शकतो, पंखा थांबलेला असू शकतो. त्याच क्षणी बाजूला घ्या. एक पट्टा आणि तो बदलायचा पाना गाडीत कायम ठेवा, आणि बदलायला स्वतः शिका. अंगठ्याने दाबला तर साधारण दीड सेंटिमीटर खाली जावा एवढाच ताण.

पेट्रोलचंही बघायला हवं. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असल्याने साध्या पेट्रोलवर ते खुशाल चालतं, त्याची काळजी नाही. पण इथेनॉल जुन्या रबराला खातं: पेट्रोलचे पाइप, पंपाचं डायफ्राम, कार्ब्युरेटरचे वॉशर. आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं; आपल्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे, नवीन, क्लिप लावून बसवा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल शिरतं ती पितळी नळी हाताने हलवून बघा. सैल असेल तर पक्की करून घ्या. इंजिनाच्या खोलीत पेट्रोल फिल्टर लोंबकळत ठेवू नका. ह्या व्हॅन जळतात त्या बहुतेक ह्याच कारणांनी, आणि मॅग्नेशियमची केस पेटली की विझत नाही. पलंगाखाली आग विझवायचा सिलिंडर हवाच, मुलं बरोबर असताना तर नक्की. ई२० ने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक माप मोठा करून प्लगचा रंग बघायचा. पांढुरका असेल तर अजून मोठा, विटकरी तपकिरी झाला की थांबा.

इंजिन खाली उतरलेलंच आहे तर त्याच खेपेत क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलकडचं ऑइल सील, स्टार्टरचा बुश आणि गिअरबॉक्सचे रबर माउंट बदला. पैसे कमी पडत असतील तर पेंट आणि आतले पडदे पुढच्या वर्षावर टाका, हे नको.

तुमच्या मेस्त्रींना दुखवू नका. इंजिन काढणं-घालणं, पत्रे, पाइप, ब्रेक हे त्यांनाच करू द्या. गाडी त्यांच्या ओळखीची आहे आणि पुढे अडीअडचणीला तेच धावून येतील. केसचं बोअरिंग आणि इंजिन बांधणं मात्र हवेवरच्या इंजिनाचा हात असलेल्या माणसाकडे. बेळगाव, कोल्हापूर, पुणे ह्या बाजूला जुन्या बीटल राखणारे लोक आहेत. त्यांना त्यांचा मेस्त्री विचारा. बीटलचं इंजिन आणि तुमचं इंजिन एकाच घराण्यातलं. बांधून आलेलं इंजिन चार बोल्ट आणि मागचा आडवा बार एवढ्यावरच बसतं, सव्वाशे किलोच्या आतलं आहे. तुमच्या अंगणात जॅक लावून चढवता येईल.

पहिले ५०० किलोमीटर सपाट रस्त्यावर, डिचोली-म्हापसा-पणजी असेच चालवा, एकाच वेगात फार वेळ नको, इंजिन कुंथवू नका. मग तेल बदला, काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून चमक दिसते का बघा, व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा. त्यानंतर चोर्ला, सकाळच्या गारव्यात, गाडी रिकामी ठेवून, काट्यावर नजर ठेवून. तो नीट पार पडला की मग सामान आणि मुलं.

केस उघडल्यावर शेलच्या पाठीवरचं माप आणि डाय तपासणीचा निकाल मला कळवा. शेल दीडचे निघाले किंवा तडा सापडला तर नव्या केसची बिलं, तिच्यावरचा नंबर आणि आरटीओचा अर्ज ह्यांचा क्रम लिहून पाठवतो. कोरी केस घेऊन तिच्यावर मेस्त्रींकडून परस्पर नंबर मात्र ठोकून घेऊ नका.